वाढीव नाना

प्रत्येक वसाहतीत एक नाना असतात. आमचे नाशिकच्या सिडकोत राहतात. घर विकून त्यांना मुलाकडे पुण्याला जायचंय. पण गिऱ्हाईक आलं की नाना विकायचं विसरतात आणि नुसतं दाखवत सुटतात.

"हा मूळ हॉल. पुढची खोली थोरलीच्या लग्नात काढली. मांडवाचा खर्च वाया जातो, स्लॅब राहतो." मागची खोली आईला जिना चढवेना म्हणून, वरची धाकट्याच्या बारावीसाठी. बारावी सुटली, खोली राहिली. मग बोटाच्या पेराने भिंत ठोकायची, "नऊ इंची आहे बरं का!"

स्वयंपाकघराची खिडकी ग्रिलसकट आईच्या खोलीत उघडते, कारण एके काळी ती भिंत घराची शेवटची होती. "पायरी आहे, सांभाळून," असं म्हटल्याशिवाय नाना कुणाला त्या खोलीत नेत नाहीत. फरशी जराशी उतरती. पूर्वी तिथं साइड मार्जिन होतं, पावसाचं पाणी जायला. ड्रेनेजचं चेंबर दिवाणाखाली. ते तुंबलं की बसलेल्या पाहुण्याला उठवायचं, दिवाण सरकवायचा आणि झाकण उघडायचं. नानांच्या मते ही घरातल्या घरात सोय. गच्चीवर कॉलमचे गज वर आलेले, त्यांच्या टोकांवर रिकाम्या बाटल्या पालथ्या घातलेल्या. "तुम्हाला मजला चढवायला बरं."

मंजूर नकाशा मागितला की चहा येतो. पुन्हा मागितला की घरपट्टीच्या पावत्यांची फाइल. "बेकायदा असतं तर पैसे घेतले असते का?" घेतात, नाना! अनधिकृत बांधकामावर महापालिकेला कराच्या दुप्पट शास्तीसुद्धा लावता येते, आणि ती भरली म्हणून भिंत अधिकृत होत नाही.

पण "रेग्युलराइज होतंय," हे नानांचं पालुपद. होईल नाही, होतंय. गुंठेवारीचा कायदा 2001 चा, 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2020 अखेरपर्यंतची बांधकामं त्यात आली, हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांसारखं पाठ आहे. आपलं घर गुंठेवारीतलं नाही, एवढी बारीक बाब ते सोडून देतात. निवडणूक जाहीर झाली की त्यांना उगाच हुशारी येते.

एकदा व्यवहार अगदी जमत आला होता. बँकेचा व्हॅल्युअर टेप घेऊन आला आणि हॉल, स्वयंपाकघर मोजून जोडे घालायला लागला. नाना मागोमाग, "अहो, ही राहिली." "काका, ही नकाशात नाही." नानांचा चेहरा पडला. आई त्या खोलीत गेली होती. ती खोली नाहीच म्हणजे काय? मलाही पुढं बोलवेना.

गिऱ्हाइकाचीही चूक नव्हती. कर्ज मंजूर क्षेत्रफळावर, किंमत मात्र आठवणींसकट! शिवाय 1966 च्या नगररचना कायद्यातल्या कलम 53 ची नोटीस मालकाच्या नावाने निघते. खोली कुणाच्या लग्नात बांधली, हे ती विचारत नाही.

घर अजून विकलं गेलेलं नाही. दरम्यान नानांनी गच्चीवर पत्र्याची शेड टाकून घेतली आहे. गिऱ्हाइकाला बरं दिसतं, म्हणतात.