चौथं सिलिंडर

काय हो वहिनी, काल रात्री झोपमोड झाली ना? साडेदहापर्यंत ठणठण चाललं होतं आमच्याकडे. मी ह्यांना दोनदा म्हटलं, अहो शेजारी काय म्हणतील! तर म्हणे, "एवढा एक नट निघू दे." त्या एका नटाला काल नववा दिवस.

तेच हो, चिंचेखालचं धूड. तुम्ही इथं राहायला आलात तेव्हापासून ताडपत्रीखालीच बघितलंय तुम्ही. तात्यांचा बी-275 ट्रॅक्टर आहे तो, आमच्या सासऱ्यांचा. 1976 साली घेतला. मूळ डिझाइन विलायतेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचं, बांधणी आपल्या मुंबईची. महिंद्रानं त्यांच्याबरोबर 1963 साली कंपनी काढली होती ना, त्यातला. कांद्याच्या गोण्या लादून चाकणच्या मार्केटला निघाला की लांबून आवाजावरून कळायचं, तात्या आले. मग जमीन गेली एमआयडीसीत. आता नांगरायचं काय, अंगण? राहिला उभा.

आणि आता ह्यांच्या डोक्यात आलंय, दसऱ्याला पूजेला चालता ट्रॅक्टर पाहिजे. रिटायर फिटर, हाताला काम नाही. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

पंखा धरून फिरवला तर ढिम्म. इंजिन जाम. आमचे भावजी लगेच पुढं, "जेसीबी बोलावतो, गिअरला टाकू, ओढला की सुटतोय." हे असे उखडले! एक पिस्टन गंजून लायनरला चिकटलाय आणि ओढलेली चाकं जोर लावतायत, मग मधला रॉड वाकणार नाही तर काय? वाकलेला रॉड बाहेरून दिसत नाही म्हणे, चालू झाल्यावर ब्लॉक फोडूनच दर्शन देतो. भावजी चहा न घेता गेले. जाऊ द्या, त्यांचं नि ह्यांचं बांधावरून आहेच. बांध राहिला नाही, भांडण तेवढं राहिलं.

मग ह्यांनी चारी नोझल काढले आणि त्या भोकांतून औषध घालायला सुरुवात केली. औषधच म्हणायचं त्याला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल पातळ ऑइल निम्मं आणि अॅसिटोन निम्मं. आमच्या धाकटीचं नेलपॉलिश काढायचं असतं ना, ते अॅसिटोन. तिच्या बाटलीवर डोळा होता ह्यांचा, शेवटी भोसरीतून लिटरभर आणलं. दोन्ही एकमेकांत मिसळून राहत नाहीत, दर वेळी बाटली खळखळून ओतायचं. आणि पेट घ्यायला टपलेलं! मी उदबत्तीसुद्धा तिकडच्या खिडकीत लावत नाही.

मी तुळशीला पाणी घालते, हे ट्रॅक्टरला. रोज काठोकाठ भरायचं आणि सकाळी किती उतरलं बघायचं. तीन भोकांतलं रात्रीतून उतरायचं, रिंगांच्या कडेनं खाली तेलाच्या टाकीत. चौथ्यातलं तसंच डबडबलेलं. हेड न उघडता रोग कळला बघा. खाली गेलेलं ते सगळं आता इंजिन ऑइलबरोबर काढून टाकायचं, त्यावर चालवायचं नाही. हे मला पाठ झालंय, मीच चालवणार असल्यासारखं.

मग चौथ्यातच काय झालं ते बघायला मॅनिफोल्ड काढायचं ठरलं, आणि तिथं ते नट. ह्यांचा भाचा आला, पान्यावर चार फुटी पाइप चढवला आणि हिसका दिला. स्टडचं तुटकं टोक नटासकट उडालं, थेट चिंचेत! ह्यांनी त्याला पोहे खायला आत पाठवलं, म्हणजे तो हात लावणार नाही. वेल्डिंगवाल्यानं राहिलेल्या बुंध्यावर नवा नट ठेवला, आतून भरला, थंड होऊ दिला. मग ह्यांनी आधी तो किंचित आवळला. अहो, सोडायचाय ना, मी म्हटलं. तर म्हणे, "आधी गंज तुटू दे, दिशेचं नंतर बघू." निघाला.

कालचा शेवटचा. डिझेलची टाकी दोन दिवसांपूर्वीच उतरवून गोठ्यात ठेवली होती, म्हणून गॅसची ज्योत लावायची हिंमत केली. गंज फुगतो ना, लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, पावसाळ्यात दार बसतं तसे आटे बसतात. नट लालसर झाला, ज्योत बाजूला केली, जरा निवू दिला आणि देवघरातली मेणबत्ती टेकवली. वहिनी, मेण असं शोषलं गेलं आत, वात फुटल्यासारखं! आमचा मुलगा महाळुंग्याला सीएनसीवर आहे, त्यानं तिथंच हिशेब केला. बारा मिलीमीटरचं भोक 400 अंशांनी तापलं तरी जेमतेम 58 मायक्रॉन मोठं होतं. "आमच्याकडे एवढ्यावर जॉब रिजेक्ट होतो, आई." तेवढ्यात मेण शिरलं आणि साडेदहाला नट फिरला.

मॅनिफोल्ड निघालं, पण तडकून. पूर्वी कुदळवाडीच्या भंगारात दुसरं सहज मिळालं असतं. तिथं तर फेब्रुवारी 2025 मध्ये पालिकेनं बुलडोझर फिरवला. आता शोधत फिरा.

आज सकाळी मात्र हललं हो! स्टार्टर काढून त्या भोकातून फ्लायव्हीलच्या दात्यांना टॉमी लावली, नुसता अंगाचा भार, जरा मागं, जरा पुढं. पुढं पुलीवर मी खडूनं रेघ मारून बसले होते. आधी वाटलं डोळेच दुखतायत. मग रेघ बोटभर सरकली. ह्यांनी टॉमी खाली ठेवली आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

मग बॅटरी घेऊन मॅनिफोल्ड होतं तिथल्या चौथ्या भोकात डोकावले. आत गंजाचा ओघळ, थेट वॉल्व्हपर्यंत. इंजिन बंद पडतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचा बाहेरचा वॉल्व्ह उघडा राहतो, तो ह्या चौथ्याचा राहिला. सायलेन्सर उभा, ताडपत्रीतून वर डोकं काढून, पाऊस सरळ आत. तात्या त्याच्यावर उलटा डबा घालायचे. तो काढला कुणी, म्हणून सकाळपासून तणतण चाललीय. भावजींवर संशय आहे. मीही हं हं केलं.

वहिनी, तुमचा तो मोगरा... तुम्ही राहायला आलात तेव्हा मीच दिला होता ना, डालड्याच्या डब्यातून? आतून काळा आहे बघा तो, काजळीनं. दुपारी हे झोपले की मोगरा कुंडीत हलवा आणि डबा इकडून हळूच द्या. वळवाचं आभाळ भरलंय.

तळाला भोकं पाडलीत का तुम्ही? पाडलीतच असणार. असू द्या, एमसील आहे माझ्याकडे.