व्याख्या लिहायला शिका: नवशिक्यांसाठी

सॉफ्टवेअरच्या मानक समितीवर तुमची वर्णी लागली, अभिनंदन. आता व्याख्या लिहायच्या. त्यातली मेख एकच: वाचणाऱ्याला सगळं समजल्यासारखं वाटावं आणि भांडण जुंपलं की दोन्ही पक्षांना तीच व्याख्या पुढे करता यावी.

आधी थोरांकडे बघा. आयईईईच्या १९९० सालच्या ६१०.१२ या संज्ञाकोशात ‘एरर’ काढा. चार अर्थ सापडतील: मोजलेल्या आणि खऱ्या किमतीतला फरक, प्रोग्रॅममधली चुकीची पायरी, चुकीचं निघालेलं उत्तर आणि माणसाच्या हातून झालेली चूक. इथवर उत्तम. पण कोशकारांनी लगेच चौघांना चार नावं वाटून दिली: एरर, फॉल्ट, फेल्युअर, मिस्टेक. हा प्रामाणिकपणा नवशिक्यांनी टाळावा.

मराठीत तर पंचाईत जास्तच, कारण चूक, दोष, बिघाड हे शब्द हाताशीच आहेत. रात्री अकराला पेंगुळलेल्या प्रोग्रामरने व्याजाच्या सूत्रात ३६५ ऐवजी ३५६ ने भागलं, ही चूक. तो आकडा कोडमध्ये ठाण मांडून बसला, हा दोष. खातेदाराच्या पासबुकात जास्त व्याज पडलं, हा बिघाड. सूत्राचा तो भाग कधी चाललाच नाही, तर दोष वर्षानुवर्षं निवांत झोपतो, बिघाड होतच नाही. पण इतकं स्वच्छ लिहिलंत की बैठकीत कुणीतरी विचारणारच, “चूक कुणाची?” म्हणून तिन्हींना ‘इश्यू’ म्हणा. इश्यू कुणाचाच नसतो.

मग क्रियापदं. स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ लिहून इंटरनेटच्या मानकांना वेसण घातली. ‘मस्ट’ म्हणजे केलंच पाहिजे. ‘मे’ म्हणजे तुमची मर्जी. ‘शुड’ मधलं: सबळ कारण असेल तर सोडा, पण परिणाम नीट तोलून. (सगळे पहिलं अर्धंच वाचतात.) तरी घोळ उरलाच. हा खास अर्थ फक्त कॅपिटल अक्षरांतल्या शब्दांना, हे २०१७ साली आरएफसी ८१७४ काढून सांगावं लागलं. देवनागरीत कॅपिटलची भानगडच नाही, तेव्हा तुम्ही बिनधास्त ‘करावे’ लिहा. परिपत्रकात ‘करावे’ हा हुकूम असतो, पाककृतीत सल्ला. तुमचं मानक यांपैकी काय, ते गुलदस्त्यातच राहू द्या.

शेवटचा धडा ‘झालंय’ या शब्दाचा. आमच्या टीममध्ये कोड लिहिणाऱ्याचं ‘झालंय’ म्हणजे त्याच्या लॅपटॉपवर चालतंय. टेस्टरचं ‘झालंय’ म्हणजे टेस्टिंगला सुरुवात झालीय. मॅनेजरचं ‘झालंय’ म्हणजे ग्राहकाला मेल गेलीय. व्याख्या ठरवायला दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत ठरलं, की ती झालीय.

रिलीज शुक्रवारी आहे.