पादऱ्याला पावट्याचं निमित्त

फ्रेडी नावाचा एक बर्फाचा माणूस आहे आणि तो पादतो. लॅरी नावाचा आयरिश लोककथेतला बुटका आहे, तोही पादतो. गॅरी नावाच्या हंसाचीही तीच तक्रार. हार्वे तर चक्क एक हृदय आहे. त्याला हा त्रास कुठून होतो हे डॉक्टरांना विचारायला हवं, पण होतो. शिवाय ढुंगणावर तीन स्वतंत्र पुस्तकं: एक आवाज करणाऱ्या, एक मोडलेल्या आणि एक बदलून हव्या असलेल्या ढुंगणाबद्दल. सगळी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. पोरं ती बघून गडाबडा लोळतात, आईबाप कपाळाला हात लावतात. यापलीकडे त्यांचा वाङ्मयीन परिणाम नाही.

पण टेक्सासातल्या लॅनो काउंटीत या सात पुस्तकांपासून सुरू झालेला वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या दारापर्यंत गेला.

लॅनो म्हणजे ऑस्टिनच्या वायव्येला जेमतेम वीस-बावीस हजार वस्तीची काउंटी. तीन शाखांचं सार्वजनिक वाचनालय. 2021 साली काही सद्गृहस्थ आणि सद्गृहिणींच्या नजरेला ही पादपुस्तकं पडली. तक्रार गेली, पुस्तकं कपाटातून उतरली. इथपर्यंत कुणाला फार वाईट वाटलं नसतं. मलाही नाही. त्याच सुमाराला, ऑक्टोबर 2021 मध्ये, टेक्सासचे एक आमदार मॅट क्राउझ यांनी सुमारे साडेआठशे पुस्तकांची यादी काढून शाळांना विचारलं होतं, यांतली तुमच्याकडे किती आहेत? वंश किंवा लिंगावरून विद्यार्थ्याला अस्वस्थ किंवा अपराधी वाटेल अशा पुस्तकांचा तो शोध होता. आमदारसाहेबांनी विचारलं होतं शाळांना. लॅनोतल्या उत्साही मंडळींनी ती यादी घेऊन सार्वजनिक वाचनालय धुंडाळलं, आणि सापडलेल्या पुस्तकांचा तक्ता 'अश्लील घाण' अशा मथळ्याच्या ईमेलला जोडून काउंटीच्या कारभाऱ्यांना धाडला.

मग आणखी दहा पुस्तकं गेली. मॉरिस सेंडाकचं एक जुनं चित्रपुस्तक, त्यात एक नागडं पोर आहे म्हणून. वयात येणाऱ्या मुलांना शरीराची माहिती देणारं एक पुस्तक. एका ट्रान्सजेंडर मुलीची आत्मकथा. कू क्लक्स क्लॅनचा इतिहास, सुझन कँपबेल बार्टोलेटी यांनी किशोरांसाठी लिहिलेला. आणि इझाबेल विल्करसन यांचं 2020 सालचं 'कास्ट'.

आता 'कास्ट'मध्ये अश्लील काय आहे? विल्करसन पुलित्झर मिळवलेल्या पत्रकार. अमेरिकेतला काळा-गोरा भेद ही मुळात जातिव्यवस्थाच आहे, असं त्या म्हणतात, आणि ते मांडताना भारतात येतात, डॉ. आंबेडकरांपाशी थांबतात. सगळं पुस्तक पालथं घातलं तरी पादण्याचा आवाज कुठे येत नाही. जी जात नाही ती जात, असं आपण म्हणतो. लॅनोच्या कपाटातून ती कशी झटक्यात गेली बघा.

पादऱ्याला पावट्याचं निमित्त ही म्हण आपल्या पूर्वजांनी टेक्सास न बघता केली, याचं मला कौतुक वाटतं. पावटा पुढे करायचा लहान मुलांचा, आणि बाहेर काय सोडायचं ते आधीच पोटात तयार असतं.

यानंतरची तऱ्हा खास अमेरिकन आहे. कुणीही 'बंदी' हा शब्द उच्चारायचा नाही. काउंटीने सांगितलं, आम्ही नेहमीचं निर्लेखन केलं. आपल्याकडच्या ग्रंथपालांनाही हे काम ठाऊक आहे: पानं सुटली, वाळवी लागली, दहा वर्षं कुणी हात लावला नाही, की पुस्तक बाद. 'कास्ट'ला तेव्हा धड दोन वर्षंही झाली नव्हती. एवढ्यात टेक्सासातली वाळवी पोचली म्हणायची. एप्रिल 2022 मध्ये सात वाचकांनी दावा लावला. मग काउंटीने ती सतरा पुस्तकं परत 'उपलब्ध' केली. कशी? दान आलेल्या प्रती वाचनालयात आतल्या बाजूला ठेवल्या, तालिकेत नोंद नाही, फळीवर नाहीत, मागितल्या तर मिळतील. म्हणजे आहे हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच मिळेल. गावाकडे दारूबंदीत दारू अशीच उपलब्ध असते. पुस्तकं काढायला नकार देणाऱ्या एका शाखेच्या ग्रंथपालबाईंना मात्र नोकरीतून काढलं, आणि त्यांच्या बाबतीत निर्लेखन वगैरे शब्द वापरायची गरज कुणाला वाटली नाही.

मार्च 2023 मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी पुस्तकं परत लावायला सांगितलं. काउंटीच्या कारभाऱ्यांनी एप्रिलमध्ये खास बैठक बोलावली. विषय: वाचनालयच बंद करावं का? लोकांनी येऊन चार शब्द सुनावले तेव्हा ते राहिलं.

जून 2024 मध्ये तीन न्यायाधीशांच्या अपील पीठाने सतरापैकी आठ पुस्तकं परत ठेवा म्हटलं. पाद, ढुंगण आणि आणखी दोन वगळून. म्हणजे तीन विद्वानांनी बसून कुठली पुस्तकं विचार मांडतात आणि कुठली नुसताच वायू सोडतात, याचा निवाडा केला. मग प्रकरण त्याच अपील कोर्टाच्या, म्हणजे पाचव्या सर्किटच्या, पूर्ण पीठापुढे गेलं. सतरा पुस्तकं, सतरा न्यायाधीश. योगायोग सुंदर आहे, पण दरडोई एक वाटून दिलं असतं तर काम लवकर उरकलं असतं. मे 2025 मध्ये दहा विरुद्ध सात असा निकाल लागला: अमुक पुस्तक वाचनालयाने ठेवलंच पाहिजे असा वाचकाला घटनात्मक हक्क नाही. त्या दहांतले काही आणखी पुढे गेले. वाचनालयाचा संग्रह म्हणजे सरकारचं स्वतःचं भाषण आहे, आणि सरकारने काय बोलावं हे सरकार ठरवेल, असं ते म्हणाले. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींनी सगळ्यांना वर सल्ला दिला. जरा दीर्घ श्वास घ्या, कुणी पुस्तक जाळत नाहीये. हवं असेल तर ऑनलाइन मागवा, दुकानातून घ्या, नाहीतर मित्राकडून आणा.

सार्वजनिक वाचनालय ज्याच्यासाठी असतं, त्याच्याकडे पुस्तकाला पैसे नसतात आणि पुस्तकं घेणारे मित्रही नसतात, एवढी साधी गोष्ट दहा न्यायाधीशांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही.

गंमत म्हणजे याच देशाच्या कोर्टांनी लेखकाला जे संरक्षण दिलंय तसं जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं. ते फुकट मिळालेलं नाही. 1873 च्या कॉमस्टॉक कायद्याने टपाल खात्यालाच वाङ्मयाचा फौजदार केलं होतं. जेम्स जॉइसचं 'युलिसिस' क्रमशः छापल्याबद्दल 1921 साली दोन संपादिकांना प्रत्येकी पन्नास डॉलर दंड झाला. पुढे प्रकाशक बेनेट सर्फ यांना ते पुस्तक अमेरिकेत काढायचं होतं, आणि त्यासाठी आधी एक प्रत कस्टम्समध्ये जप्त व्हायला हवी होती. त्यांनी सांगून ठेवलेला किस्सा असा: न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्या दिवशी इतका उकाडा होता की कस्टमचा माणूस बॅगा न उघडताच सगळ्यांना पुढे ढकलत होता. ज्याच्या बॅगेत पुस्तक होतं तोच हटून बसला, माझी बॅग तपासा म्हणून. पुस्तक निघालं तर तो अधिकारी म्हणाला, हे तर सगळेच आणतात! अखेर ते जप्त करवून घ्यावं लागलं. न्यायाधीश वुल्झी यांनी अख्खं 'युलिसिस' वाचलं (आपल्याकडे ते कौतुकाने बोलणाऱ्यांनीही वाचलेलं नसतं) आणि निकाल दिला की अनेक ठिकाणी हे वाचून मळमळतं, पण कामवासना कुठे चाळवत नाही. सबब येऊ द्या. तारीख 6 डिसेंबर 1933. आदल्याच दिवशी देशातली दारूबंदी उठली होती, त्यामुळे पचवायलाही सोय झाली.

थोडक्यात, लेखकाला तुरुंगात टाकायचं नाही, हे अमेरिकेने हळूहळू नक्की केलं. आपल्याला हे अजून नीटसं जमलेलं नाही, त्यामुळे फार नाक वर करून हसू नये. जेम्स लेन तेव्हा मिनेसोटातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजचे प्राध्यापक होते. शिवाजी महाराजांवरचं त्यांचं पुस्तक 2003 साली आलं, आणि त्याच रागातून 5 जानेवारी 2004 ला पुण्यात भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. पुस्तकावरची सरकारी बंदी उठायला सुप्रीम कोर्टाचा 2010 चा निकाल लागला. आपली पद्धत रांगडी आहे: दगड, मग सरकारी आदेश. अमेरिकन पद्धतीत दगड नसतो. तिथे फॉर्म असतो.

फॉर्मचा एक नमुना मायामीजवळच्या शाळेतला. बायडन यांच्या शपथविधीला अमांडा गॉर्मन या तरुण कवयित्रीने वाचलेली कविता 2023 साली प्राथमिकच्या मुलांच्या कपाटातून उचलून वरच्या वर्गांच्या कपाटात गेली. एका पालकाची तक्रार. 'लेखक किंवा प्रकाशक' या रकान्यात तक्रारदार बाईंनी लिहिलं होतं: ओप्रा विन्फ्री. (पुस्तकाला ओप्राबाईंची प्रस्तावना आहे. म्हणजे निदान मुखपृष्ठ तरी वाचलं गेलं होतं.) शाळाखात्याचं उत्तर तयार: बंदी नाही, फक्त जागा बदलली. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने 2021-22 या शाळावर्षातल्या हजारभर तक्रारी तपासल्या, तर निम्म्याहून अधिक तक्रारी अवघ्या अकरा जणांनी लिहिलेल्या निघाल्या. अकरा म्हणजे क्रिकेटचा एक संघ, बारावा खेळाडूही नाही.

युटातल्या एका पालकाने अशा तक्रारखोरांना त्यांच्याच औषधाचा डोस दिला. शाळेतून अश्लील पुस्तकं काढा असा कायदा 2022 मध्ये झाला होता. याने अर्ज केला, मग बायबल काढा, त्यात हिंसा आहे, व्यभिचार आहे, सगळंच आहे. डेव्हिस जिल्ह्याच्या समितीने प्रामाणिकपणे बायबल तपासलं आणि प्राथमिक-माध्यमिक शाळांतून खरोखर काढलं. काही आठवड्यांत ते परत आलं. त्यासाठी सतरा न्यायाधीश लागले नाहीत.

हे सगळं उजव्यांचं झालं, म्हणून डाव्यांनी टाळ्या वाजवू नयेत. एलिझाबेथ गिल्बर्ट या गाजलेल्या लेखिकेने जून 2023 मध्ये आपली नवी कादंबरी जाहीर केली. कथानक सायबेरियात, मागच्या शतकात. युक्रेनवर रशियाचे बाँब पडत असताना रशियातली गोष्ट कशी सांगता, म्हणून वाचकांनी ती प्रकाशित व्हायच्या आठ महिने आधीच इंटरनेटवर एकेक तारा देऊन तिची वाट लावली. एकाही टीकाकाराने एक पान वाचलेलं नव्हतं, वाचणं शक्यच नव्हतं. लेखिकेने कादंबरी मागे घेतली. इथे सरकार नाही, कोर्ट नाही, फॉर्मही नाही. म्हणजे खर्चात बचत.

डॉ. आंबेडकरांना अशा बिनसरकारी गळचेपीचा अनुभव 1936 साली आला होता. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने, म्हणजे सुधारकांनीच, त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, भाषण वाचलं, काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशनच रद्द झालं. बाबासाहेबांनी ते भाषण पदरच्या पैशाने छापलं, आणि आज ते जगभर वाचलं जातं. विल्करसनबाई त्यांच्यापाशी उगाच थांबलेल्या नाहीत.

लॅनोच्या खटल्यातली अभिव्यक्तिस्वातंत्र्याची लढाई आता संपली आहे. डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो ऐकायलाच नकार दिला. त्यामुळे पाचव्या सर्किटच्या हद्दीतल्या टेक्सास, लुईझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत सार्वजनिक वाचनालयाने पुस्तक काढलं, तर वाचकाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने दाद मागता येणार नाही. लेखक मोकळा आहे, प्रकाशक मोकळा आहे, फक्त कपाटाची किल्ली समितीकडे आहे.

आपल्याही गावच्या वाचनालयाला कार्यकारी मंडळ असतं आणि त्याची निवडणूक होते. सहसा ती बिनविरोध होते, कारण सभेला वर्गणीदार येतच नाहीत. यंदा जाऊन बसा. पुस्तक निवड समितीवर कोण आहे ते विचारा, आणि मागच्या वर्षी कुठली पुस्तकं निर्लेखित केली त्याची यादी मागा.