रांगेतले तास कोणाच्या खात्यावर?

जानेवारीत अमेरिकेतल्या कुठल्याही शहरात कुणी सॅलड खात असेल, तर त्यातलं लेट्यूस बहुतेक दोनच ठिकाणांहून आलेलं असतं: ॲरिझोनातलं यूमा किंवा कॅलिफोर्नियातली इम्पीरियल व्हॅली. दोन्हीकडे वाळवंट, दोन्हीकडे मेक्सिको हाकेच्या अंतरावर. इम्पीरियल व्हॅलीत वर्षभराचा पाऊस तीन इंचांच्या आत. कोकणात एवढा एका दुपारी पडून जातो. तरी तिथलं हॉल्टव्हिल हे जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव स्वतःला गाजराची जागतिक राजधानी म्हणवतं आणि दर हिवाळ्यात गाजराचा उत्सव भरवतं.

ही सगळी करणी कोलोरॅडो नदीची. ऑल-अमेरिकन कालवा १९४० च्या दशकापासून तिचं पाणी सुमारे १३० किलोमीटर वाळवंटातून इथवर आणतो. व्हॅलीचा हक्क वर्षाला ३१ लाख एकर-फुटांचा, म्हणजे आपल्या हिशेबात १३५ टीएमसी. कोयना काठोकाठ भरलं तर १०५. लास वेगाससकट अख्ख्या नेवाडा राज्याचा वाटा १३ टीएमसीच्या आसपास. इम्पीरियलचा हक्क एवढा मोठा का? ज्यानं नदीचं पाणी आधी वापरात आणलं, त्याचा हक्क आधी, असा पश्चिम अमेरिकेचा कायदा. इथे पाणी १९०१ मध्ये आलं आणि त्या तारखेला आजही किंमत आहे.

पाण्याचा हिशेब ठेवावा तर इथे. शेतकरी आदल्या दिवशी मागणी नोंदवतो. दुसऱ्या दिवशी कालव्यावरचा माणूस, आपल्याकडचा पाटकरी, गाडीतून येतो, झडप फिरवतो, किती सोडलं ते लिहून घेतो. हिशेब इतका बारीक की कालव्याच्या तळातून वाळूत झिरपणारं पाणीही सोडलं नाही. सुमारे ३७ किलोमीटर कालव्याला काँक्रीटचं अस्तर करून वर्षाला जवळजवळ तीन टीएमसी वाचवलं आणि ते बहुतेक सॅन डिएगोच्या बाजूला वळवलं. अमेरिकेच्या वहीत जी गळती होती, ती हद्दीपलीकडे, मेक्सिकोतल्या मेक्सिकालीच्या शेतकऱ्यांच्या विहिरींचं पाणी होती. प्रकरण कोर्टात गेलं, अस्तर झालंच.

आता त्याच हद्दीवर पहाटे तीनला उभे राहा. मेक्सिकालीतून अमेरिकेच्या बाजूच्या कॅलेक्सिकोत पायी येणाऱ्यांची रांग लागलेली असते. डोक्यावर टोपी, मानेवर रुमाल, हातात डबा. यातले पुष्कळ जण अमेरिकेचे कायदेशीर रहिवासी आहेत, काही तर नागरिक आहेत. राहतात मात्र पलीकडे, कारण लेट्यूस कापून मिळणाऱ्या पैशांत अलीकडचं घरभाडं झेपत नाही. रांग कधी तासाची, कधी तीन तासांची. ती संपली की ठेकेदाराच्या बसची वाट पाहायची. आणि थंडीच्या दिवसांत पुढे आणखी एक वाट पाहणं असतं: पानांवरचं दव गोठलेलं असेल तर लेट्यूसला हात लावता येत नाही. गोठलेलं पान बोट लागलं तरी मोडतं आणि डागाळतं. बर्फ वितळेपर्यंत टोळी शेताच्या कडेला उभी.

मग काम सुरू होतं. वाकायचं, एका घावात गड्डा कापायचा, बाहेरची पानं झटकायची, पिशवीत घालून पुढे सरकणाऱ्या यंत्रावर ठेवायचा, पुन्हा वाकायचं. ही आठ तासांची मजुरी. तिच्या आधी रांगेत गेलेल्या तासांची कुठेही नोंद नाही. पाणी सोडलं की लिहायचं आणि माणूस ताटकळला की सोडून द्यायचं, याला मी अन्याय म्हणतो.

मेल्यावरही हाच न्याय. या कालव्यात आजवर पाचशेहून अधिक माणसं बुडाली. त्यातली कितीतरी मेक्सिकोतून पोहून पलीकडे जाणारी होती. वाळवंटात आणि पाण्यात सापडलेले शेकडो अनोळखी मृतदेह हॉल्टव्हिलच्या दफनभूमीच्या मागच्या रिकाम्या जमिनीत पुरले आहेत. प्रत्येकाच्या डोक्याशी एक वीट आणि तिच्यावर ‘जॉन डो’, म्हणजे कोणी एक. कालव्यात जीव वाचवणारे दोर आणि तरंगते गोळे लागले ते कालव्यातून पाणी वाहू लागल्याला सत्तरेक वर्षं उलटल्यावर. झडपेला असा उशीर कुणी होऊ दिला असता?

‘हे असंच चालतं’ म्हणणाऱ्यांना याच मातीतला इतिहास दाखवायला हवा. शंभर वर्षांपूर्वी पंजाबातून आलेले शेतकरी इथे राबत होते. १९१३ च्या कायद्यानं त्यांना जमीन घेता येत नव्हती, १९२३ च्या निकालानं नागरिकत्वही गेलं. बऱ्याच जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि जमीन अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर ठेवली. त्यांच्यातलेच दलीपसिंग सौंद. बर्कलीचे गणितातले डॉक्टर, पण पोट भरलं ते या व्हॅलीतल्या शेतीवर. नागरिकत्वाच्या हक्कासाठी ते आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं झगडले. १९४६ मध्ये कायदा बदलला, १९४९ मध्ये सौंद नागरिक झाले आणि १९५६ मध्ये याच भागातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. ज्या कायद्यानं त्यांना मोजलं नव्हतं, त्या कायद्याला मोजावंच लागलं.

मजुरांनीही असंच मिळवलं आहे. दिवसभर कंबरेत वाकवणारं आखूड दांड्याचं खुरपं कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये बंद झालं. २००० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, मालकानं सक्तीनं बसमधून नेलं तर त्या प्रवासाचा वेळही कामाचाच वेळ. ओव्हरटाइमला तर १९३८ च्या केंद्रीय कायद्यानं शेतमजुरांना बाहेरच ठेवलं होतं. कॅलिफोर्नियानं आठ तासांनंतर जादा मजुरी द्यायचं ठरवलं २०१६ मध्ये. उशीर अक्षम्य, पण झालं.

पुढची पायरी साफ दिसते आहे. पहाटे पाचला हजर राहा म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की माणसाला दोन वाजता घर सोडावं लागणार. मग त्या तासांचा ठरावीक भत्ता मजुरीत धरा. शेताच्या कडेला बर्फ वितळेपर्यंत उभं केलं, तर त्या वेळेचा पगार पहिल्या मिनिटापासून द्या. आणि हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, हद्दीवर पहाटेच्या जादा खिडक्या उघडा. दोन्ही देशांचे अधिकारी ट्रकांच्या वाहतुकीसाठी खिडक्या वाढवतातच.

यानं लेट्यूस थोडं महाग होईल. होऊ दे. आज तो स्वस्तपणा ज्यांच्या झोपेतून निघतो, त्यांनी तो कुणालाही बक्षीस दिलेला नाही.