मोरीला बोळा

माहितीची चोरी, विषाणूंचा प्रादुर्भाव आणि कामाच्या वेळी होणारे चित्रपटदर्शन या त्रिविध तापांपासून संस्थेचे रक्षण व्हावे अशा उदात्त हेतूने आमच्या शहरातील एका निमसरकारी कचेरीने नुकतेच एक परिपत्रक जारी केले असून, त्यान्वये यापुढे कोणाही कारकुनास आपल्या संगणकावरील 'सी' अथवा 'डी' ड्राइव्ह दिसणार नाही. हुकूम कडक असला तरी हुजुरांचे अंतःकरण कोमल आहे. ज्यास कामानिमित्त ड्राइव्हची निकड भासेल त्याने सोबतच्या प्रपत्र 'ब'मध्ये तीन प्रतींत अर्ज करावा, अशी सवलत शेवटच्या परिच्छेदात ठेवलेली आहे, आणि सदर प्रपत्र, सर्वांच्या सोयीसाठी, प्रत्येकाच्या 'डी' ड्राइव्हमध्ये आगाऊच ठेवून देण्यात आले आहे.

असल्या मज्जावाची मुळातच थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. 2008 साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पेन ड्राइव्ह वापरण्यास मनाई केली ती हौसेखातर नव्हे. त्या खात्याच्या संगणकजालात विषाणू शिरला होता. 2010 साली उघडकीस आलेला स्टक्सनेट इराणमधील नातान्झच्या अणुप्रकल्पात पोहोचला तोही असल्याच बोटभर साधनातून, असे जाणकार मानतात. सबब दरवाजे लावले पाहिजेत हे निर्विवाद. आमची तक्रार आहे ती कोणते दरवाजे लावले याविषयी.

विंडोज प्रणालीत ग्रुप पॉलिसी नावाचे जे हुकूमखाते आहे, त्यात याबाबतची दोन निरनिराळी कलमे आहेत. पहिल्याने ड्राइव्हचे चित्र पडद्यावरून नाहीसे होते, एवढेच. पत्ता ठाऊक असणारास तो टंकून आत जाण्यास प्रत्यवाय नाही, हे खुद्द मायक्रोसॉफ्टने त्या कलमाच्या खुलाशात निःसंकोच लिहून ठेवले आहे. दुसरे कलम एक्सप्लोररमधून आत जाऊ देत नाही, परंतु इतर प्रोग्रामना मात्र अडवीत नाही. सदर कचेरीने पहिले पसंत केले. अंमल सुरू झाला त्याच दिवशी, दुपारच्या चहापूर्वी, आस्थापना शाखेतील एका भाऊसाहेबांनी रनच्या चौकटीत 'डी' हे अक्षर व त्यापुढे अपूर्णविराम टंकून एंटर दाबला, आणि आठ वर्षांची पगारपत्रके, दोन नातलगांच्या लग्नाचे फोटो व उपर्युक्त प्रपत्र 'ब' अशी समग्र दौलत त्यांच्यापुढे पूर्ववत हजर झाली.

या कलमांमागचा हिशेबही मोठा रम्य आहे. 'ए'ची किंमत 1, 'बी'ची 2, 'सी'ची 4, 'डी'ची 8, अशी प्रत्येक अक्षराची किंमत मागल्याच्या दुप्पट धरून, जी अक्षरे झाकावयाची त्यांची बेरीज संगणकाच्या नोंदवहीत लिहिली जाते. 'सी' व 'डी' मिळून 12, आणि सव्वीसच्या सव्वीस झाकावयाची तर 6,71,08,863. त्यांपैकी 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीची. फ्लॉपी निवर्तली, तरी तिचे वतन अद्याप खालसा झालेले नाही. केवळ 'ए' व 'बी'वर निर्बंध घालण्याची तजवीज या कलमांतील पर्यायांच्या यादीत अजूनही शाबूत आहे.

मात्र सगळेच कर्मचारी आस्थापनेतल्या भाऊसाहेबांइतके व्युत्पन्न नसतात. ज्यांना तो अपूर्णविराम सुचला नाही, त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला. पगारपत्रक जतन करण्यास जागा नाही म्हणून ते 'आपला परिवार' या व्हॉट्सअॅप समूहावर पाठविण्यात येते. तेथून एक शिपाई ते आपल्या मोबाइलवर घेऊन समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. आणि दुकानदार ते आपल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर उतरवून, पाठपोट की एका बाजूस, असे अदबीने विचारतो. कचेरीतील प्रत्येकाचे मूळ वेतन, आधार क्रमांक व बँकेचे खाते आज त्या डेस्कटॉपवर, एका वरातीच्या बॅनरशेजारी, सुखाने नांदत आहे. कचेरीत ते दिसत नाही, ही गोष्ट मात्र खरी.

वरिष्ठांना, अर्थातच, हा निर्बंध लागू नाही. त्यांच्या संगणकावर सर्व ड्राइव्ह उघडे, पेन ड्राइव्हला मुक्तद्वार, आणि व्यवस्थापकीय पासवर्ड साहेबांच्या टेबलावरील काचेखाली, गणपतीच्या तसबिरीस टेकून, सुवाच्य अक्षरांत लिहिलेला. म्हणजे ज्याच्यापाशी चोरण्याजोगे काही नाही त्याची झडती, आणि ज्याच्या संगणकातून अवघी कचेरी बाहेर नेता येईल त्यास सलाम.

वास्तविक कोणत्या फोल्डरमध्ये कोणी वाचावे, कोणी लिहावे आणि कोणी फिरकूही नये, हे माणसागणिक ठरविण्याची सोय विंडोजमध्ये 1993 पासून, म्हणजे तिच्या 'एनटी' या आवृत्तीच्या जन्मापासून, आहे. पण त्यासाठी कोणाकडे कोणते काम आहे हे आधी कागदावर यावे लागते, आणि त्या कचेरीत असा कागद करण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही. चित्र झाकणे त्या मानाने पुष्कळच सोपे. तेव्हा संबंधितांस आमची नम्र विनंती इतकीच की, सुधारित परिपत्रक काढण्याची वेळ येईल तेव्हा कामाच्या वाटणीचा तो कागद प्रथम तयार करावा, अधिकार त्याबरहुकूम द्यावेत, आणि अंमलबजावणीचा आरंभ साहेबांच्या टेबलावरील काच उचलून करावा.