चोचीचा टवका

लोगो हा शब्द आपल्याकडे तसा उशिराच आला. त्याआधी छाप होती. ‘छाप’ म्हणताना शेवटी ओठ असे मिटतात, की तोंडातच शिक्का उमटल्यासारखा वाटतो. वाण्याच्या दुकानात कुणी कंपनीचं नाव विचारत नसे. कुणी घोडा मागे, कुणी मोर, कुणी दोन हत्ती, आणि ते अंधारं दुकान घटकाभर पंचतंत्रासारखं गजबजून जाई. माझ्या दप्तरात उंट होता. दांडेकरांनी 1931 साली शाईचा जो धंदा सुरू केला, त्यातला तो कॅम्लिनचा उंट. उंट इतके दिवस पाण्यावाचून राहतो तो शाई पीत असल्यामुळे, असा माझा चौथीपर्यंत ठाम समज होता. चित्रकलेच्या वाटेला मी लागलो तो बहुधा त्या उंटाच्या पाठीवर बसूनच.

पुढे छापा काढणं हेच पोट भरण्याचं साधन झालं. ज्याने चोच दिली तो चाराही देतो म्हणतात. मला चारा दिला तो दुसऱ्यांसाठी काढलेल्या चोचींनी, शेपट्यांनी आणि वर्तुळांनी. या धंद्यात गिऱ्हाईक कोणतंही असो, शेवटी एक वाक्य येतंच : ‘लोगो जरा मोठा करा.’ त्यामागे दुष्टावा नसतो. पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तशी ती माया असते, आणि नको म्हणण्याचा उपयोगही तितकाच. दुसरं म्हणजे, नायकीची ती सुप्रसिद्ध खूण 1971 साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने पस्तीस डॉलरमध्ये करून दिली, ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ असते. पुढे 1983 साली कंपनीने तिला हिऱ्याची अंगठी आणि शेअर दिले, हा उत्तरार्ध मात्र मला स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो, आणि तो सांगताना मी बोटं उगाच टेबलावर पसरून ठेवतो.

नवा लोगो करणं त्या मानाने सोपं. जुन्याला नवा करणं अवघड. ते आजोबांच्या मिशांना कलप लावण्यासारखं आहे. चार लोकांनी ‘तब्येत सुधारलेली दिसते’ म्हणायला हवं, पण कलपाचा संशय येता कामा नये. अमेरिकेतल्या गॅप या कपड्यांच्या कंपनीने 2010 साली आपला निळा चौकोन बदलला, तर लोकांनी असा गिल्ला केला की आठवडाभरात जुना परत आणावा लागला. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू, कपाळावर केसांची बट आणि हातात रंगाचा ब्रश घेतलेला तो वांड मुलगा, पुढे निवृत्त झाला. घराला रंग काढताना अजूनही डब्याच्या मागे तो लपलाय का, हे मी एकदा वाकून पाहतो.

अशा या मला एकदा सांगलीचा एक पोपट भेटला. हळद आणि मसाल्याची तीन पिढ्यांची पेढी, तिची ही छाप. फोन नातवाचा होता. ‘पोपट राहू दे सर, पण ग्लोबल वाटला पाहिजे.’ पोपट ग्लोबल कसा दिसतो, याचा विचार करत मी दोन महिने काढले. अकरा पिसांची तीन केली. डोळ्यातला जुनाट धाक काढून थोडं कुतूहल घातलं. आणि चोच. चोचीच्या टोकाला एक टवका उडालेला होता. जुन्या पाकिटांवर, कॅलेंडरवर, टेम्पोच्या दारावर, दुकानाच्या पाटीवर, सगळीकडे तोच टवका. झिजलेल्या ब्लॉकवरून पिढ्यानपिढ्या नक्कल होत आली असणार, असं मनाशी ठरवून मी तो भरून काढला. दाताच्या डॉक्टरला कवळी बसवल्यावर वाटत असेल तसं समाधान मला त्या संध्याकाळी वाटलं.

नवी पाकिटं बाजारात गेली आणि परत येऊ लागली. ‘हा डुप्लिकेट माल आहे,’ असं बायका म्हणत. काय बदललं, हे एकीलाही सांगता येईना. एकीने हळद फिकी असल्याचं सांगितलं. पोतं तेच होतं. ॲपलचं चिन्ह करताना रॉब जॅनॉफने 1977 साली सफरचंदाचा एक घास काढून घेतला, तो लहान आकारात ते चेरी वाटू नये म्हणून. कधीकधी उणिवेनेच ओळख पटते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. पोपटाच्या वेळी ते आठवलं नाही, आणि पोपट माझाच झाला.

मग एके दिवशी नातवाचे आजोबा एसटीने पुण्याला आले. त्यांनी टेबलावर पंचाची पुरचुंडी सोडली. आत लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांनी बसवलेला जस्ताचा ब्लॉक, शाईने काळाकुट्ट.

‘मी नऊ वर्षांचा होतो,’ ते म्हणाले. ‘छापखान्यातनं हा घरी आणायचं काम माझं. वाटेत गोट्यांचा डाव बघून थांबलो आणि हा पायरीवर पडला. दोन दिवस लपवून ठेवला. अण्णांना सापडला. त्यांनी चोचीवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, जा, छापखान्यात देऊन ये.’

‘रागावले नाहीत?’

‘नाही ना. नवा करायला तेव्हा पैसे नव्हते. पुढं आले. नवे ब्लॉक झाले, ऑफसेट आलं. दर खेपेला अण्णा आर्टिस्टला बजावायचे, टवका तसाच राहू दे. शिक्षा होती का लाड होता, मला अजून कळलेलं नाही, साहेब.’

त्यांच्या अंगठ्याला काळं लागलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

तो टवका पुन्हा काढायला मला चार दिवस लागले. गुळगुळीत रेषा हवी तितकी मिळते. नऊ वर्षांच्या हातून पडल्यासारखी रेषा काढायला फार जपून हात चालवावा लागतो. बिलात मी लिहिलं, ‘टवका पूर्ववत करणे : नग 1.’ नातवाने ते दोनदा वाचलं. आजोबांनी पैसे तिथल्या तिथे मोजून दिले, एका रुपयाची घासाघीस न करता. उठताना फक्त म्हणाले, ‘पोपट जरा मोठा करा.’

तीस वर्षांत पहिल्यांदाच मी वाद न घालता केला.