अठ्ठेचाळीस तासवाले

डोंबिवली पूर्वेच्या बहुतेक सोसायट्यांत हे गृहस्थ सापडतात. ऐरोलीला 'सर्व्हरमध्ये' असतात. म्हणजे नेमकं काय करतात, हे त्यांच्या बायकोलाही सांगता येत नाही. ठाण्याला गाडी बदलताना दोन मिनिटं उशीर झाला तर रेल्वेचा उद्धार करतील. पण तुमची वेबसाइट उघडेना, की यांच्याइतका शांत माणूस नाही. "डीएनएस आहे. पसरायला अठ्ठेचाळीस तास लागतात." प्रश्न पुरता ऐकून घ्यायची पद्धत नाही.

खरं तर पसरत काहीच नसतं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी ही डीएनएस व्यवस्था आखली, तिच्यात प्रत्येक पत्त्याबरोबर मुदतही मिळते, टीटीएल, तीही सेकंदांत. ८६४०० लिहिलं, की इंटरनेट कंपनीचा सर्व्हर एकदा विचारलेला पत्ता दिवसभर सांगत बसतो. २०१९ मध्ये डोंबिवलीचा कोपर पूल बंद झाल्यावरही रिक्षावाल्याला "कोपर पुलावरून घ्या" म्हणणारे होतेच की! ब्राउझर बिचारा बहुधा मिनिटभरच लक्षात ठेवतो, पण उगाच त्याचाच कॅश पुसला जातो. अठ्ठेचाळीस तासांना आधार एवढाच, की डॉट-कॉमचं नाव कोणत्या नेमसर्व्हरकडे आहे या नोंदीची मुदत १७२८०० सेकंद असते. बाकी सगळीकडे हा आकडा सवयीने.

फराळ विकणाऱ्या तळमजल्यावरच्या काकूंनी ऐन दिवाळीत साइट नव्या सर्व्हरवर नेली. नेमसर्व्हर तेच, बदलला फक्त पत्ता. ठाण्याच्या भाच्याला नवी साइट दिसते, काकूंना गेल्या वर्षीचे भाव. भाच्याच्या सर्व्हरने नाव आजच पहिल्यांदा विचारलं, काकूंच्याने कालच विचारून ठेवलेलं, एवढाच फरक. मुदत आधीच ३०० वर आणून, जुनी संपू देऊन मग साइट हलवली असती, तर पाच-दहा मिनिटांत काम झालं असतं. ऑफिसात हे गृहस्थ तसंच करतात. काकूंनी आठवडाभर आधी विचारलं, तेव्हा म्हणाले होते, "बिनधास्त हलवा."

त्यातून नव्या चकलीसाठी घेतलेलं वेगळं नाव काकूंनी नोंद होण्याआधीच उघडून पाहिलं. 'असं नाव नाही' हे उत्तरही जपून ठेवलं जातं, काही काळ.

"अठ्ठेचाळीस तास," गृहस्थ म्हणाले, आणि जिना चढता चढता आठवण केली, "काकू, आमची चकली?"

"पाठवलीय हो. पसरतेय."